उत्तम द्यावे की सर्वांनी द्यावे?



येत्या २२ नोव्हेंबरला संत सिसिलिया हिचा सण. गायक-वादकांची ही आश्रयदाती संत. दरवर्षी या सुमारास आमच्या गायकवृंदाला पत्रिकेसाठी चार शब्द लिहायला सांगितले जाते आणि दरवर्षी आम्ही साधारण तेच लिहितो : नवे गायक पुढे यावेत, सरावाला वेळेवर यावे, भाविकांनी मागच्या बाकांवर गप्प बसू नये. यंदाही ते सांगायचे आहेच. पण त्याआधी आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि तिच्यातून उभा राहिलेला प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

गेल्या सणाच्या मिस्सेसाठी आम्ही खूप तयारी केली होती. चार आवाजांतली गाणी बसवली होती. मिस्सेचे थेट प्रक्षेपण होणार होते. परदेशी असलेली आपली मुले-नातवंडे ते पाहणार होती. आमच्यात एक मावशी आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ त्या गायकवृंदात गात आल्या. लग्न असो, मर्तिक असो, मावशी हजर. पण अलीकडे त्यांचा आवाज थरथरतो, वरच्या पट्टीत सूर खाली घसरतो आणि माईक नेमका तोच सूर उचलतो. सरावात दोघांतिघांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात सणाला गाणाऱ्यांची यादी माडीवरच्या भिंतीला लावली. त्या यादीत मावशींचे नाव नव्हते.

सणाची मिस्सा छान झाली. लोकांनी कौतुक केले, फोन आले, संदेश आले. आम्हीही खूश होतो. मग दोन-तीन रविवारांनी माडीवरून खाली पाहताना आमच्या लक्षात आले की मावशी डाव्या बाजूच्या बाकावर बसल्या आहेत आणि त्यांचे ओठ मिटलेले आहेत. प्रतिसाद स्तोत्र चालू होते. लहान मुलेही म्हणत होती. मावशी गात नव्हत्या.

त्या दिवसापासून आम्हाला हा प्रश्न सोडत नाही. देवाच्या मंदिरात जे गायचे ते उत्तमच असावे, की ते सर्वांचे असावे? दोन्ही एकाच वेळी साधत नसेल, तर कोणी मागे सरायचे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘देव मन बघतो, सूर बघत नाही’ असे म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पवित्र शास्त्रात मलाखी संदेष्टा लोकांना खडसावतो, कारण ते आंधळी, लंगडी, आजारी जनावरे वेदीवर आणत होते. सुभेदाराला असली भेट द्याल का, असे तो विचारतो. म्हणजे देवाला उरलेसुरले चालते, असे समजणे हा त्याचा अपमानच. सरावाला न येता रविवारी सकाळी वही उघडून ‘चालेल, देवासाठीच तर आहे’ म्हणणारे आम्ही काही जण मलाखीच्या तावडीतून सुटणार नाही. दुसरीकडे, मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा प्रभू येशूने शिष्यांना मुद्दाम दाखवली. श्रीमंतांच्या मोठमोठ्या दानांपेक्षा तिने अधिक दिले, असे तो म्हणाला. तिच्या दोन नाण्यांनी मंदिराचा खर्च भागणार नव्हता. तरी ती तिथून परत पाठवली गेली नाही.

दावीद राजाने मंदिरसेवेसाठी गायक नेमले, त्याची नोंद इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात आहे. गायनात निपुण असे दोनशे अठ्ठ्याऐंशी जण होते. म्हणजे निपुणता हवीच होती. पण त्यांच्या पाळ्या ठरवताना चिठ्ठ्या टाकल्या आणि लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. शिकलेले हवेत, पण शिकलेल्यांत वरखाली नको. आम्हाला हे फार शहाणपणाचे वाटते.

या प्रश्नाने थोरामोठ्यांनाही छळले आहे. जोहान सेबास्टियन बाख याचे नाव संगीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊक असते. तो लुथरन पंथाचा होता, पण ऑर्गनवर बसणारा कोणत्याही पंथाचा माणूस त्याला गुरू मानतो. १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत तो जर्मनीतल्या लाइपझिग शहरात चर्चच्या संगीताचा प्रमुख होता. संत थॉमस चर्चच्या शाळेतली मुले हाच त्याचा गायकवृंद. अनेक रचनांच्या शेवटी तो तीन अक्षरे लिहीत असे. त्यांचा अर्थ, केवळ देवाच्या गौरवासाठी. हाच बाख १७३० साली नगरसभेला एक लांबलचक तक्रार-अर्ज लिहितो. संगीताची जाण नसलेली मुलेही शाळेत घेतली जातात, वादक कमी आहेत, पैसे कमी आहेत, असा त्याचा सूर आहे. अर्जाच्या शेवटी तो आपल्या मुलांची नावे तीन भागांत लिहून देतो. सतरा मुले उपयोगी. वीस अजून उपयोगी नाहीत. सतरा अजिबात उपयोगी नाहीत.

हे वाचून प्रथम आम्हाला हायसे वाटले. बाखसारखा माणूस याद्या करतो, मग आम्ही केली तर काय बिघडले? पण यादी पुन्हा पाहिली तेव्हा मधला भाग डोळ्यांत भरला. सर्वांत मोठा भाग तोच आहे, वीस मुलांचा. आणि त्याला नाव दिले आहे ‘अजून नाही’. आमच्या यादीत असा भाग नव्हता. आमच्याकडे दोनच भाग होते, नाव असलेले आणि नाव नसलेले. शिवाय त्याच अर्जात बाख सांगतो की शहरातल्या चार चर्चेसना त्याला मुले पुरवावी लागत. जी मुले कशीबशी साधे भक्तिगीतच म्हणू शकत, ती चौथ्या चर्चला जात. शब्द तुच्छतेचे आहेत, यात शंका नाही. पण त्या मुलांनाही रविवारी उभे राहून गायला एक जागा होती. आम्ही मावशींना कोणती जागा दिली?

आता दुसऱ्या बाजूने पाहू. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात गाण्याविषयी दोन ठिकाणी लिहिले आहे. पहिला प्रसंग मिलान शहरातला आहे. ३८६ साली तिथल्या राजमाता जुस्तिना हिने बिशप संत अँब्रोज यांच्यामागे छळ लावला. आपल्या बिशपांबरोबर मरायचीही तयारी ठेवून भाविक चर्चमध्ये रात्रंदिवस जागत बसले. ऑगस्टीनची आई संत मोनिका त्यांच्यात होती. दु:खाने आणि शिणाने लोक खचू नयेत म्हणून, पूर्वेकडच्या चर्चमध्ये गात तशी, स्तोत्रे आणि गीते सर्वांनी मिळून म्हणण्याची पद्धत तेव्हा तिथे सुरू झाली. तिथून ती इतरत्र पसरली. त्या रात्री कोणी कोणाचा सूर तपासला असेल का? घाबरलेले लोक होते, झोप अनावर झालेले लोक होते. एकमेकांना जागे ठेवण्यासाठी ते गात होते. पुढल्या वर्षी बाप्तिस्मा झाल्यावर तीच गीते ऐकताना ऑगस्टीनच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले, असे तो सांगतो.

दुसऱ्या ठिकाणी मात्र तोच ऑगस्टीन स्वत:वर शंका घेतो. गायिलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच आपले मन अधिक हलले, तर आपण चुकलो असे तो कबूल करतो. अशा वेळी गाणे ऐकलेच नसते तर बरे, असेही त्याला वाटते. मग त्याला मिलानचे अश्रू आठवतात आणि गाण्याची प्रथा चर्चमध्ये राहावी याकडे त्याचा कल होतो. ही त्याची ओढाताण सोळाशे वर्षांपूर्वीची आहे, पण सणाच्या मिस्सेनंतर आम्ही मोबाईलवर आमचेच गाणे पुन:पुन्हा ऐकत होतो, तेव्हा ती आमचीच होती. किती जणांनी पाहिले, ते आम्ही मोजत होतो. त्या गाण्याचे शब्द काय होते, हे कोणी विचारले असते तर थोडे आठवावे लागले असते.

ख्रिस्तसभेनेही हा तोल सांभाळण्यासाठी वेळोवेळी प्रयत्न केला आहे. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६२ साली सांगितले की ऑर्गनवादनात किंवा गायनात जे जे अशुद्ध आणि उच्छृंखल मिसळलेले असेल ते चर्चबाहेर ठेवावे. त्या काळी अनेक आवाज एकमेकांत इतके गुंफले जात की मिस्सेचे शब्दच कळेनात, अशी ओरड होती. १५६५ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये एका कार्डिनलच्या घरी पोपच्या गायकांना बोलावून काही मिस्सा गाऊन घेतल्या गेल्या. परीक्षा एकच होती : शब्द कळतात का? संगीतकार पालेस्त्रिना याच्या एका मिस्सेने त्या वेळी चर्चसंगीत वाचवले, अशी दंतकथा पुढे तयार झाली. दंतकथा बाजूला ठेवली तरी ती परीक्षा आजही उपयोगी आहे. माडीवर बसून ती देता येत नाही. खाली शेवटच्या बाकावर जाऊन बसावे लागते.

पुढे १९०३ साली, संत सिसिलियाच्या सणादिवशीच, पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी पत्रक काढले. पवित्रता, उत्तम कलारूप आणि सर्वांना आपलेसे वाटणे, अशी तीन लक्षणे त्यांनी सांगितली. कलारूप उत्तम हवे, हे त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज दिला. त्यात चर्चच्या संगीतपरंपरेला अमोल ठेवा म्हटले आहे, पाइप ऑर्गनला मोठा मान दिला आहे आणि ज्या देशांची स्वत:ची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य ते स्थान द्यावे, असेही सांगितले आहे. त्याबरोबरच भाविकांनी उपासनेत मनापासून आणि कृतीने भाग घ्यावा, हा आग्रह आहे. १९६७ साली रोमहून आलेल्या सूचना तर आमच्यासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. गायकवृंदाचे महत्त्व त्यांत मान्य केले आहे. नुसते ऐकत असतानाही मनाने सहभागी होता येते, हेही सांगितले आहे. पण मिस्सेतली सगळी गीते एकट्या गायकवृंदाकडे सोपवून लोकांना पूर्णपणे बाहेर ठेवणे मान्य नाही, असे त्या बजावतात.

बंधुभगिनींनो, आम्हाला वाटते की आमच्या प्रश्नाचे उत्तर इथे कुठेतरी आहे. मंदिरात गाणे एकाच प्रकारचे नसते. काही गाणे सर्वांच्या वतीने थोड्यांनी गायचे असते. अर्पणाच्या वेळी किंवा ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच्या शांततेत गायकवृंदाने चार आवाजांतले गीत गावे. ते कसून बसवलेले असावे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकावे. त्यात आमच्या हौसेला वाव आहे आणि देवाला उत्तम देण्याची संधीही आहे. पण प्रतिसाद स्तोत्र, गौरवगीत, ‘पवित्र, पवित्र’ ही गीते आमची नाहीत, तुमची आहेत. तिथे आमचे काम तुम्हाला गायला लावणे एवढेच. तुम्ही गप्प राहिलात आणि आम्ही सुंदर गायलो, तर ते काम फसले असे समजावे.

ऑर्गन वाजवणारा चांगला वादक हे जाणतो. मोठ्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनमध्ये शेकडो, कधी हजारो नळ्या असतात. काही माणसाहून उंच, तर काही बोटाएवढ्या. हवा मात्र सर्वांना भात्यातूनच मिळते. पुष्कळ ठिकाणी दर्शनी भागातल्या चकचकीत नळ्यांतल्या काही नुसत्या शोभेच्या असतात. त्यांतून सूर निघतच नाही. लोकांबरोबर वाजवताना ओळ संपली की वादकाला क्षणभर थांबावे लागते, कारण ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही, पण बाकावरच्या आजोबांना लागतो. जो वादक आजोबांसाठी थांबत नाही, त्याची बोटे कितीही चपळ असोत, तो उपासनेत एकटाच पुढे निघून जातो. आमच्या कीबोर्डवर तालाचे बटण आहे. ते एकदा दाबले की कोणासाठीच थांबत नाही. त्या बटणाचा मोह आम्हाला अनेकदा पडला आहे, हेही इथेच कबूल करतो.

आपल्या मराठी मातीत हा विचार नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी आपले ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ते पंडित होते. युरोपातले छंद त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी निवडली ती ओवी, म्हणजे आपल्या आयाबाया दळताकांडताना म्हणत तो छंद. मराठीचे सौंदर्य त्यांनी कमी केले नाही. उलट ते वाढवले. पण ते सौंदर्य जात्यावर बसलेल्या बाईलाही आपले म्हणता येईल असे ठेवले. उत्तम आणि सर्वांचे ही दोन टोके नाहीत, याचा यापेक्षा चांगला दाखला आम्हाला ठाऊक नाही. मात्र त्यासाठी फार कष्ट पडतात. सामान्यांसाठी साधे आणि सुंदर रचणे हे अवघड रचण्यापेक्षा कठीण आहे.

आता संत सिसिलियाकडे वळू. हातात ऑर्गन घेतलेले तिचे चित्र आपण पाहतो. पण तिच्या जुन्या चरित्रकथेत तिने ऑर्गन वाजवला असे म्हटलेलेच नाही. तिच्या लग्नात वाद्ये वाजत होती आणि त्या गजरात ती आपल्या अंत:करणात देवासाठी गात होती, असे ती कथा सांगते. पुढे उपासनेतल्या गीतात तिची ओळ घेताना ‘अंत:करणात’ हा शब्द गळला आणि चित्रकारांनी वाद्य तिच्या हाती दिले. चित्रकार राफाएल याने सुमारे पाचशे वर्षांपूर्वी काढलेले तिचे चित्र इटलीत बोलोन्या शहरात आहे. त्यात तिच्या हातातला छोटा ऑर्गन खाली झुकलेला आहे, त्याच्या नळ्या निसटत आहेत, पायाशी मोडकी वाद्ये पडली आहेत आणि ती वर स्वर्गातले गाणे ऐकते आहे. गायकांच्या आश्रयदातीचे खरे गाणे त्या मांडवात कोणालाच ऐकू आले नाही. आम्हा माईकवाल्यांना ती का दिली गेली असेल, याचा आम्ही विचार करतो.

राहिली मावशींची गोष्ट. आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. काय बोलावे ते ठरवून गेलो होतो, पण दारातच सगळे विसरलो. त्यांनी चहा ठेवला. मग त्याच म्हणाल्या, “माझा आवाज गेला, हे मला तुमच्या आधी कळलं होतं रे पोरांनो. कोणीतरी येऊन बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही मला भिंतीवरचा कागद वाचायला लावलात.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमची चूक सुराच्या बाबतीत झालीच नव्हती. त्या गीतांसाठी त्यांचा आवाज आता पुरत नाही, हे खरे होते आणि त्यांनाही ते मान्य होते. चूक ही झाली की खरे बोलायचे धैर्य आम्हाला झाले नाही आणि ते काम आम्ही एका कागदावर सोपवले. चार आवाज जुळवायला आम्ही दोन महिने दिले. एका माणसाशी बोलायला दहा मिनिटे दिली नाहीत. प्रभूसाठी उत्तम द्यायला निघालेले आम्ही, वेदीवर ठेवायची सर्वांत मोलाची गोष्ट घरीच विसरलो होतो.

आम्ही क्षमा मागितली. माईकपुढे पुन्हा उभी राहणार नाही, असे मावशींनी स्पष्ट सांगितले. पण छापील गीतपुस्तकात नसलेल्या कितीतरी जुन्या चाली त्यांना पाठ आहेत. त्या मुलांना शिकवायला त्या सरावाला येतो म्हणाल्या. दोनदा आल्या, एकदा आल्या नाहीत. जखम लगेच भरली असे आम्ही लिहिणार नाही.

आमच्यापुरते आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. कोणाला थांबायला सांगायचे असेल तर घरी जाऊन, समोर बसून सांगायचे. ज्यांचे ‘अजून नाही’ आहे त्यांच्यासाठी सरावाचा वेगळा अर्धा तास ठेवायचा. आणि दर रविवारी आमच्यापैकी एकाने माडीवर न बसता शेवटच्या बाकावर बसायचे : शब्द कळतात का, श्वासाला जागा मिळते का आणि शेजारचा माणूस गातो का, हे पाहायला. तो गात नसेल तर दोष आधी आमच्यात शोधायचा.

तुमच्याकडूनही एक मागणे आहे. ‘माझा आवाज चांगला नाही’ हे कारण सांगून गप्प राहू नका. शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असे शुभवर्तमानात लिहिले आहे. त्यांत मासे धरणारे होते, जकात घेणारा होता. त्यांचा आवाज कसा होता, हे कोणीही लिहून ठेवलेले नाही.

गेल्या रविवारी शेवटच्या बाकावर बसायची पाळी आमच्यातल्या एकाची होती. प्रतिसाद स्तोत्राच्या वेळी मावशी दोन बाक पुढे उभ्या होत्या. त्या गात होत्या की नाही, हे त्याला मागून नीट दिसले नाही. येत्या रविवारी तो त्यांच्या शेजारी बसणार आहे.

संत सिसिलिये, आम्हासाठी विनंती कर.

आपला गायकवृंद